उठू नका, पडून राहा

जयगडजवळच्या एका वाडीत हरिश्चंद्र तात्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली, आणि प्रथेप्रमाणे अख्खी वाडी बिस्किटांचे पुडे घेऊन कामाला लागली.

तात्यांना एकच हवं होतं: आधाराशिवाय बसावं आणि संडासला आपलं आपण जावं. एसटीत कंट्रोलर म्हणून ज्यांनी उभा डेपो धाकात ठेवला, त्यांना बायकोने, कमलाबाईंनी, धरून न्यायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होई. फिजिओथेरपीच्या श्रद्धा मॅडमनी उपाय सांगितला. खाटेच्या कडेला बसायचं, श्वास घेताना पोट फुगू द्यायचं, हळूहळू सोडताना आत ओढायचं. कंबर-पोटात जोर आला की धड सावरेल, मग पाय.

तात्या कडेला बसत, पोट फुगवत, आणि नेमकं दारात कुणीतरी खाकरे. आलेला माणूस लगबगीने त्यांचे खांदे धरून त्यांना आडवं करी. बसायचं भेटायला आलेल्याने, आजाऱ्याने नव्हे, हा शिष्टाचार. पुढे कमलाबाईंचा चहा, आणि आपला कोण याच दुखण्यात कसा गेला त्याचा साद्यंत अहवाल. शेजारचा रामा तर रोज येई. त्याला गेलेले मामा पुष्कळ होते.

मॅडमनी दारावर ‘भेटण्यास मनाई’ अशी पाटी लावली. ती का लावली हे विचारायला पलीकडच्या वाडीतूनही माणसं आली. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाने तात्यांच्या जिद्दीचा सत्कार ठेवला. शाल नीट पांघरता यावी म्हणून सत्कारमूर्तींना आडवं करण्यात आलं.

सुटका झाली ती रामामुळे. त्यालाच झटका आला आणि वाडी पुड्यांसकट तिकडे वळली. तात्यांचं पोट निवांत फुगलं, आत गेलं, धड सावरलं, आणि एका सकाळी ते काठी टेकत एकटेच संडासला जाऊन आले. कमलाबाई पडवीत बसून आनंदाने रडल्या. मॅडम म्हणाल्या, आता रोज थोडं चाला.

तात्यांनी घरात साठलेल्यातला एक पुडा उचलला आणि रामाकडे गेले. रामा मॅडमसमोर खाटेच्या कडेला बसून पोट फुगवत होता. तात्यांचा जीव कळवळला. त्यांनी आपला धड असलेला उजवा हात त्याच्या छातीवर ठेवला.

“रामा, उठू नको हो. पडून राहा.”

रामा मुकाट आडवा झाला. वडीलधाऱ्यांना नाही कसं म्हणणार? मॅडमनी कपाळाला हात लावला. तात्या आधाराशिवाय ऐसपैस बसले आणि आपलं दुखणं पहिल्यापासून सांगू लागले.

हसा, हसा. परवा तुम्ही ज्याच्याकडे पुडा घेऊन गेलात, तोही तेव्हा नुकताच उठून बसत होता.