कॉम्प्युटरमधले गोपाळराव

ही १९९७ सालची गोष्ट. सरकारनं नागरिकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्या आणि बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातल्या कचेरीत लक्ष्मीदेवींची पाळी आली. त्यांना घाई होती. लेक संध्या सिंगापुरात, तिचे दिवस भरत आलेले, आणि पासपोर्टसाठी हा नवा दाखला हवा होता.

"यजमानांचं नाव सांगा, अक्का," कॉम्प्युटरपुढचा किरणकुमार म्हणाला.

लक्ष्मीदेवींनी पदर तोंडाशी नेला. लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. पंचांगातल्या कृष्णपक्षालासुद्धा त्या 'काळोखाचा पंधरवडा' म्हणत.

"त्यांचं नाव... ते लोणी चोरायचे ना, त्यांचं."

"चोर?" किरणकुमार दचकला.

"शिव शिव! देव हो! गोकुळातले."

"गोपाल?"

"स्वल्प... थोडं तसलंच."

"सरी, ठीक आहे," म्हणत त्यानं 'गोपालराव' टाईप करून टाकलं.

घरी कृष्णाजींनी दाखला चष्म्याजवळ नेला. "अगं, हे गोपाळराव कोण?"

"तुम्हीच की!"

"आणि मग मी कोण?"

पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या पोलिसानंही हेच विचारलं. "गोपालराव कुठायत?"

"असं कुणी इथं राहत नाही," कृष्णाजी तडकले.

"मग या अक्कांच्या घरात तुम्ही कोण?"

पोलीस 'नवरा सापडला नाही' असं लिहून गेला आणि पासपोर्ट अडकला. तिकडे संध्या फोनवर रडवेली होऊन विचारत होती, "आई, तू येशील ना गं?"

दोघं पुन्हा कचेरीत गेले. तिथल्या मुख्य भीमाचार्य साहेबांपुढे कृष्णाजी म्हणाले, "साहेब, मीच हिचा नवरा. नाव कृष्णाजी."

"असं कुणीही येऊन म्हणेल. अक्कांनी सांगायला हवं. स्वतःच्या तोंडानं."

कृष्णाजी हताश होऊन बाकावर जाऊन बसले. पंख्याच्या वाऱ्यात त्यांना डुलकी लागली. लक्ष्मीदेवींनी पंख्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. फोनवरचा लेकीचा आवाज आठवला तसे डोळे घट्ट मिटले आणि त्या ओरडल्या, "कृष्णाजी!"

बाकावरचे कृष्णाजी ताडकन उभे राहिले. "आलो, आई!"

त्यांना असं नावानं पुकारणारी जन्मात एकच बाई होती, आणि तिच्या हाकेला उशीर चालत नसे. कचेरी खो खो हसली. भीमाचार्यही हसले. "नोंद करा, किरणकुमार. इतका घाबरलाय म्हणजे नवरा खराच."

"आणि गोपालरावांचं काय, सर? कॉम्प्युटरमधून माणूस काढायला मृत्यूचा दाखला लागतो."

"अरे, जो जन्मलाच नाही त्याचा मृत्यूचा दाखला कुठून आणायचा? राहू दे त्याला."

लक्ष्मीदेवी वेळेवर सिंगापूरला पोचल्या. संध्याला मुलगा झाला आणि कृष्णाजींनी हट्टानं नाव ठेवायला लावलं, गोपाळ. "कागदावर आहेच, तर घरातही असू दे." किरणकुमार पुढे व्हाइटफील्डच्या एका कंपनीत मोठा साहेब झाला. भीमाचार्य निवृत्त होऊन बनशंकरीला राहायला गेले आणि भेटेल त्याला 'आलो, आई'ची गोष्ट सांगत राहिले.

कृष्णाजी गेले, तेव्हा त्यांचं नाव सरकारनं लगेच कमी केलं. गोपाळरावांच्या नावचं सरकारी टपाल मात्र अजून येतं.

"हे गोपालराव कोण, अक्का?" नवा पोस्टमन विचारतो.

"आमच्यातलेच," लक्ष्मीदेवी पदर तोंडाशी नेत म्हणतात. "स्वल्प बाहेर गेलेत."