स्वतः मोजलेले ग्राह्य नाही

अभियांत्रिकी महाविद्यालयातील संशोधनाचा दर्जा खालावल्याचे निदर्शनास आल्याने तो उंचावण्यासाठी समिती नेमण्यात आली. दर्जा नेमका कुठे आहे हे शोधण्यात वेळ न दवडता समितीने नियम केला: शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक अहवालाला किमान चाळीस संदर्भ हवेत आणि तेही विश्वासार्ह. विश्वासार्हता मोजायचे कोष्टकही दिले. संदर्भाचा शोधनिबंध ताजा असल्यास पाच गुण, इतरांनी त्याचा हवाला दिला असल्यास दहा. निबंध वाचला असल्यास किती, हा रकाना जागेअभावी वगळला.

शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने मात्र चाळीसही निबंध वाचून काढले. वर्ग तिला शंकेखोर म्हणे, ते काही उगाच नव्हे. काँक्रीटमध्ये अर्ध्या सिमेंटऐवजी भट्टीची राख घालणे, हा तिचा विषय. ताकद तसूभरही कमी होत नाही, असे सगळे निबंध छातीठोकपणे सांगत होते. तिने ठोकळे ओतले, ठरलेले दिवस पाण्यात ठेवले, दाबयंत्राखाली धरले. निम्म्या भारालाच त्यांचा बिस्किटासारखा भुगा झाला. पुन्हा ओतले, पुन्हा भुगा.

भुग्याचे आकडे घेऊन ती मार्गदर्शक सरांकडे गेली.

“याला संदर्भ काय?”

“संदर्भ नाही सर. मी स्वतः मोजलंय.”

“अगं, स्वतः मोजलेलं आपण ऐकीव धरतो,” सर मायेने म्हणाले. “इकडे चाळीस विद्वान, तिकडे तू आणि तुझा भुगा. बसव बघू कोष्टकात!”

ती हवाल्यांचा माग काढत बसली. प्रत्येक निबंध आधीच्याकडे बोट दाखवत होता, आणि सगळी बोटे अखेर एकाच जुन्या निबंधाशी येऊन थांबली. लेखक: मार्गदर्शक सर.

“सर, तुम्ही ठोकळे कोणत्या यंत्रात फोडले होते?”

“फोडायचे कशाला? विभागप्रमुखांचा हवाला दिलाय की!”

सर तिला घेऊन शेजारच्याच खोलीत विभागप्रमुखांकडे गेले. “मी? मी तर यांच्याच व्याख्यानात ऐकलं. फार खात्रीनं बोलतात हो हे!”

दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिले.

“म्हणजे मोजलं कुणीच नाही?”

“चाळीस जणांनी मानलंय,” विभागप्रमुख म्हणाले. “आता मोजणं म्हणजे त्यांचा अपमान. तुला नोकरीचं पत्र आलंय ना? अहवालावर आमच्या सहीशिवाय पदवी नाही अन् पदवीशिवाय नोकरी नाही. बघ बाई, तुझं तूच ठरव.”

तिने आईला फोन लावला. “तुझे ठोकळे तुला पोसणार आहेत का गं?” आई म्हणाली. “सही घे आणि मोकळी हो एकदाची.”

ती मोकळी झाली. भुग्याचे पान काढले, सही मिळाली, वर ‘संदर्भांची निवड उत्कृष्ट’ असा शेराही. तिचा अहवाल आता एक्केचाळिसावा विश्वासार्ह स्रोत आहे. ज्या बांधकाम कंपनीत ती रुजू झाली, तिथे छतांच्या मजबुतीचा दाखला म्हणून तोच जोडतात.

घर घेताना तुम्हीही नळ सोडून पाहिलात, फरशी ठोकून पाहिलीत, खिडकीतून वारा येतो का तेही पाहिलंत. छताचं विचारल्यावर समोरच्याने जाडजूड अहवाल पुढे केला. तुम्ही तो हातात तोलून पाहिलात आणि समाधानाने परत दिलात.