मेघा नावाचे दोन टीव्ही

मेघाने टीव्हीला स्वतःचं नाव दिलं, तिथेच सगळी गडबड झाली. टीव्हीने बिचाऱ्याने सभ्यपणे विचारलं होतं, मला कोणत्या नावाने ओळखायचं? ‘हॉल’, ‘बेडरूम’ अशी तयार नावंही पुढे केली होती. पण नुकतंच शाळेच्या स्नेहसंमेलनात नक्कल करून पहिलं बक्षीस मिळवलेल्या मुलीने घरातल्या सगळ्यात चकचकीत वस्तूला ‘हॉल’ म्हणायचं? छे! तिने टाइप केलं, ‘मेघा’. वायफायचा पासवर्ड टाकला, टीव्ही जोडला आणि पलंगावर बसलेल्या आजीसमोर वाकून नमस्कार केला, जणू पडदा पडला होता.

त्याआधी त्याच संध्याकाळी तिने शेजारच्या श्रीधरकाकांचाही टीव्ही जोडून दिला होता. आणि त्याचंही नाव तिने ‘मेघा’च ठेवलं होतं. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, मग हिने काय घोडं मारलं होतं?

दोन्ही टीव्ही हुबेहूब सारखे होते, कारण दोन्ही घरं मिळूनच सीताबर्डीच्या बाजारात गेली होती. एकदम दोन घेतले की दुकानदार वाकतो, हा काकांचा हिशोब. काका घासाघीस करत होते आणि आजी स्टुलावर बसून दुकानदाराचाच चहा पीत म्हणत होती, “जमत नसन त राहू दे गा, बाजूलेच दुसरं दुकान हाय.” दुकानदार वाकला. दोन्ही घरांत वायफायही एकच होतं. राउटर काकांच्या खिडकीत, मध्ये हातभर बोळ, आणि समोर मेघाच्या हॉलची खिडकी. काकांच्या बायकोच्या, म्हणजे यमुकाकूंच्या फोडणीचा वास जसा बोळ ओलांडून यायचा, तसंच नेटही यायचं.

आता एवढी घाई कशाला, तर रविवारी सकाळी प्रीतीताईचा पदवीदान समारंभ होता. ताई दिल्लीला नर्सिंग शिकली. कॉलेजने घरटी दोनच पास दिले होते, म्हणून आई-बाबा गेले. आजीचे, म्हणजे अंजनाबाईंचे गुडघे रेल्वेचा डबा चढायला तयार नव्हते. ती घरी राहिली आणि तिच्यासोबत मेघा. समारंभ इंटरनेटवरून थेट दिसणार होता.

“मोबाइलवर दाखवते ना आजी,” मेघा आधी म्हणाली होती.

“मोबाइलमंदी माही नात तिळायेवढी दिसते. कोनता तीळ माहा हाय, ते मले कसं समजन?”

म्हणून तर मोठा टीव्ही. आजीने उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. गावी, भिवापूरला, लाल मिरचीचे देठ खुडून खुडून तिची बोटं रात्रभर जळायची. लहानगी प्रीती सुट्टीत गेली की वाटीत दही घेऊन आजीच्या एकेका बोटाला लावत बसायची. तिची नर्सगिरी तिथूनच सुरू झाली, असं आजी सगळ्या मोहल्ल्याला सांगायची. त्या नातीला पदवी घेताना धडधडीत, मोठी, डोळे भरून पाहायची, एवढंच आजीचं मागणं होतं. आणि मेघाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, “आजी, तू फक्त बस. बाकी मी आहे.”

रविवारी सकाळी श्रीधरकाका दारात हजर. हाफ पँट, खांद्यावर टॉवेल.

“अंजनाबाई, आज तुमच्या घरी एवढं मोठं कार्य, आणि तुम्ही घामाघूम होऊन पाहणार का? कूलर कुठे आहे?”

ऊन आत्तापासूनच असं होतं की चपला बाहेर ठेवायची भीती वाटावी. काकांनी पेपर टाकणाऱ्याला थांबवलं, दोघांनी मिळून तो पत्र्याचा अजस्र कूलर अंगणातून उचलला आणि हॉलच्या खिडकीत स्टँडवर बसवला. काकांनी स्वतः बादल्या ओतल्या, गवताच्या ताट्या भिजवल्या, आणि कूलरच्या पाठीवर थोपटून म्हणाले, “चला साहेब, उन्हाळाभर सांभाळून घ्या.”

काकांची ही जुनीच सवय. ते यंत्रांशी अदबीने बोलत. त्यांचं म्हणणं, माणूस एकवेळ विसरेल, यंत्र अपमान विसरत नाही. नव्या टीव्हीच्या रिमोटवर बोलायचं बटण होतं, ते दाबूनच टीव्हीला हुकूम द्यायचा, असं मेघाने त्यांना चांगलं समजावलं होतं. काकांना ते पटलं नाही. “बटण दाबून बोलणं म्हणजे कान पिळून बोलणं. मी असंच बोलेन. ऐकेल तो हळूहळू.” टीव्हीने अजून ऐकलं नव्हतं.

कूलर सुरू झाला. गार वारा सुटला. आजीने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं, केसांना तेल लावलं आणि टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली.

“लाव वं.”

मेघाने टीव्ही लावला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय. आता राउटर आणि टीव्ही यांच्यामध्ये पाण्याने भरलेला, पत्र्याचा, खिडकी गच्च भरून टाकणारा कूलर उभा आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. कसं येईल? तिचा मोबाइल तर छान चालत होता. ती उभी होती उघड्या दारात, आणि तिथे काकांच्या दारातून नेट धो धो येत होतं.

“फिरून काहून राहिलं ते?” आजीने विचारलं.

“विचार करून राहिला तो, आजी. स्मार्ट आहे ना. थांब, मी मोबाइलवरूनच सरळ टीव्हीवर पाठवते.”

तिने मोबाइलवर टीव्ही शोधला. यादीत एकच नाव आलं, ‘मेघा’. पाहा! आपलंच गुणी बाळ! तिने नावावर बोट टेकवलं. मोबाइल म्हणाला, जोडलं गेलं आहे. समारंभाला थोडा वेळ होता, तेवढ्यात एक व्हिडिओ लावून बघावा म्हणून तिने हाताला आला तो लावला. तो होता स्नेहसंमेलनातला. पहिलं बक्षीसवाला. विषय, ‘आमचे शेजारचे काका.’

घरातल्या टीव्हीवर गोल फिरतच होता.

“आवाज कमी असेल,” मेघा म्हणाली आणि आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. मग होता नव्हता तेवढा.

आजीने कान टवकारले. “आवाज त येऊन राहिला वं. पन दुरून येऊन राहिला.”

“ते तसंच असते आजी. नवीन टीव्हीत आवाज चारही बाजूंनी येतो.”

“चारही बाजूनं नाही, शिरीधरच्या बाजूनं येऊन राहिला. अन् तुहा आवाज हाय तो.”

मेघाने कान दिला. कूलरच्या घरघरीपलीकडून खरंच कोणी तरी काकांच्या आवाजात स्कूटरला म्हणत होतं, “चला राणीसाहेब, बर्डीपर्यंत न्या, मग दिवसभर आराम करा.” मागोमाग दहा-बारा माणसांचं सातमजली हसणं. आणि मग कूलरवरून उडी मारून यमुकाकूंची हाक आली,

“मेघा! अगं, तू आमच्या टीव्हीत काय करून राहिली?”

मेघा धावली. चपलासुद्धा नाही. फरशी तव्यासारखी तापलेली, पण तिला कळलंच नाही.

काकांच्या हॉलमध्ये त्यांचे ऑफिसातले सगळे निवृत्त मित्र जमले होते, खास नवा टीव्ही पाहायला. हातात झणझणीत तर्री-पोह्यांच्या प्लेटा. काका टीव्हीसमोर उभे, हात मागे बांधलेले. नुकतंच त्यांनी मित्रांना सांगितलं होतं की पाहा, आता मी नुसतं बोलतो. मग घसा खाकरून म्हणाले होते, “टीव्हीसाहेब, बातम्या लावा बरं.” आणि त्याच क्षणी पडद्यावर डोक्याला मफलर, नाकावर चष्मा अशी मेघा उगवली होती, आणि मिक्सरला समजावत होती की बाबा रे, चटणीच आहे, एवढा संताप कशाला?

मेघाने मोबाइलवर बोटं मारली, पण घाईत बंद होण्याऐवजी व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा मफलर. पुन्हा चष्मा. पुन्हा मिक्सर. “चला राणीसाहेब...”

“मी स्कूटरला राणीसाहेब म्हणतो?” काकांनी विचारलं. चेहरा एकदम गंभीर.

“रोज म्हणता,” यमुकाकू शांतपणे म्हणाल्या. “मला मात्र कधी म्हटलं नाही.”

हॉल कोसळायचाच बाकी राहिला. एका मित्राच्या डोळ्यांतून तर्रीचं की हसण्याचं, पण पाणी वाहायला लागलं. दुसरे म्हणाले, “श्रीधरराव, मानलं बुवा! तुम्ही बातमी मागितली, टीव्हीनं तुमचीच बातमी दिली!”

मेघाला वाटलं, आता जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं. कालपर्यंत किती धीट होती ती! स्टेजवर पाचशे मुलांसमोर एक शब्द चुकली नव्हती. आता एक वाक्य धड जुळेना.

“काका, चुकलं माझं. मी... शाळेत... आणि आमचा टीव्ही लागून नाही राहिला, आणि ताईचा समारंभ सुरू होईल, आजी एकटीच बसून आहे गोल पाहत...” आणि तिला रडूच फुटलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एका नजरेत त्यांना खिडकीतला कूलर दिसला, राउटर दिसला, आणि सगळं उमगलं. आपणच सकाळी बसवलेला तो कूलर पाहून ते स्वतःशीच ‘अरे बाप्पा’ म्हणाले.

“रडते काय? मफलर बरोबर नव्हता, एवढंच. मी तो डावीकडून गुंडाळतो. जा, आधी अंजनाबाईंना घेऊन ये. नाही, थांब. मीच येतो.”

मग काय सांगावं! एका बाजूने काका, एका बाजूने ते डोळे पुसणारे मित्र, मागून यमुकाकू पाण्याचा तांब्या घेऊन, आणि मध्ये पांढऱ्या लुगड्यातली आजी, अशी मिरवणूक एका दारातून दुसऱ्या दारात निघाली. हॉलमधली सगळ्यात चांगली खुर्ची रिकामी झाली. आजी बसली, टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाली,

“हा त आपलाच टीव्ही होय. इकडं कोनी आनला?”

मेघाने समारंभ लावला. या वेळी तिने तीनदा तपासून घेतलं. पडद्यावर दिल्लीचं सभागृह आलं, आणि पांढऱ्या पोशाखातल्या मुलींची रांग. एकेकीचं नाव पुकारलं जात होतं, पदवी घेतल्यावर प्रत्येकीला एक वाक्य बोलायला माइक देत होते. कोणी देवाचे आभार मानले, कोणी सरांचे. पोह्यांच्या प्लेटा खाली ठेवल्या गेल्या. कोणी चमचासुद्धा वाजवेना.

“प्रीती प्रेमानंद...”

आजी खुर्चीच्या कडेला सरकली.

प्रीतीताई आली. टीव्हीभर आली. कपाळावर आलेली बट मागे सारायची तिची सवय, गालावरचा कांजण्यांचा जुना व्रण, सगळं सगळं दिसत होतं. माइक हातात घेतला आणि दिल्लीच्या त्या सभागृहात ती सरळ भिवापूरच्या बोलीत बोलली,

“ही पदवी माह्या आजीच्या बोटांची हाय. आजी, दिसून राहिली का वं मी?”

“दिसून राहिली वं माय!” आजी एकदम उभीच राहिली, गुडघे विसरून. “येवढी मोठी दिसून राहिली!”

ताईला ते ऐकू जाणार नव्हतं, पण त्या हॉलमध्ये तेवढ्यापुरतं कोणालाच तसं वाटलं नाही. काका उठले, त्यांच्यामागे त्यांचं सगळं जुनं ऑफिस उठलं, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की रस्त्यावरचा भाजीवाला थांबून आत डोकावला. यमुकाकूंनी आजीची बोटं आपल्या हातात घेतली आणि कितीतरी वेळ सोडलीच नाहीत. मेघा पुन्हा रडत होती, पण हे रडणं वेगळं होतं. ज्यांची नक्कल करून तिने बक्षीस मिळवलं, त्यांनीच तिचा शब्द राखला होता. या माणसाचे आभार मानायचे तरी कसे? ‘थँक्यू काका’ म्हणणं म्हणजे बादलीभर पाण्यात चिमूटभर साखर.

काकांनी नंतर राउटर दुसरीकडे हलवायची तयारी दाखवली. आजीच नको म्हणाली. “राहू द्या गा. मले तुमच्याच घरी नीट दिसते.” मेघाने मात्र एक काम केलं. काकांच्या टीव्हीचं नाव बदललं.

पुढच्या रविवारी काकांकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कंपू आला. पुन्हा तर्री-पोहे. काका पुन्हा टीव्हीसमोर, हात मागे बांधून. कुठलंही बटण न दाबता, कोणाचाही कान न पिळता, अदबीने म्हणाले, “टीव्हीसाहेब, बातम्या लावा बरं.”

पडदा गप्प. कोणीतरी हळूच खोकलं.

इकडे मेघा दारात मोबाइलवर बातम्या काढून उभी होती, पण काकांचा तो भरदार आवाज ऐकण्यात इतकी रंगली की बोट हलवायचंच विसरली. आजीने तिला काठीने ढोसलं.

“लाव वं लवकर. मानूस वाट पाहून राहिला.”

मेघाने यादी उघडली आणि ‘राणीसाहेब’ या नावावर बोट टेकवलं.

पलीकडे बातम्या सुरू झाल्या, आणि त्यांच्यावरून काकांचा तृप्त आवाज आला, “पाहिलं? मान द्या, यंत्रसुद्धा ऐकते.”