लेकुरवाळी बुलेट

रोज दिवेलागणीच्या आधी साताऱ्याहून जवाहरअण्णांचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि तो त्यांच्या लेकीसाठी नसायचा.

"कॅमेरा खाली घ्या, जावईबापू. अजून खाली. तुमचं तोंड नगं, मडगार्ड दावा."

सम्मेद मगदूम एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून भर पावसात अंगणात ओणवा व्हायचा. मडगार्ड झालं की सायलेन्सर, सायलेन्सर झाला की चाकाच्या तारा. तिकडे सासरे चष्मा कपाळावर चढवून पडद्याला डोळा लावायचे. सम्मेदला नुसता एक भला मोठा डोळा दिसायचा. डोळा बाजूला झाला की मागची भिंत, भिंतीवरचं कॅलेंडर आणि एक रिकामी खुर्ची.

"हितं पांढरं काय दिसतंय?"

"थेंब हाय, मामा."

"पुसा."

"पुसला."

"आता?"

"आता दुसरा पडलाय."

पायरीवरून चंदना म्हणायची, "आण्णा, मी बी हाय हितं."

"असू दे, असू दे. बरी हाईस न्हवं? जरा कडंला हो, साखळीवर सावली पडतीया."

ही सगळी उठाठेव एका काळ्या बुलेटसाठी होती. जवाहरअण्णांनी सगळी नोकरी कोयनानगरला धरणावर काढली. तिथला पाऊस म्हणजे आषाढात दार लावावं आणि भादव्यात उघडावं असा. भांड्याला बुरशी यायची, उशीला बुरशी यायची, माणसाच्या बोलण्यालासुद्धा ओल धरायची. पण अण्णांच्या बुलेटला कधी गंजाचा ठिपका लागला नाही. पुढे ते निवृत्त होऊन साताऱ्याला आले, बायको गेली, मुलगा बंगळूरला गेला आणि सरतेशेवटी गुडघाही गेला. किक बसेना, तेव्हा अक्षय्यतृतीयेला त्यांनी गाडी जावयाला देऊन टाकली. लेक सासरी धाडताना या गृहस्थांनी मांडवात डोळ्याला रुमाल लावला नव्हता. बुलेट सम्मेदच्या गावाकडे, पलूसच्या रस्त्याला लागली तेव्हा मात्र ते वळणापर्यंत चालत आले, आणि सम्मेदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नागपंचमीला लेकीला न्यायला येतो, तवा गाडी बी बघतो. गंज दिसला तर दोघींना बी घेऊन जाईन."

सम्मेद हसला होता. वळण गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की सासरे हसले नव्हते.

आणि सम्मेदचाही त्या गाडीवर जीव जडला होता. द्राक्षाच्या बागेत राबणाऱ्या माणसाला मिरवायला जागा किती असते? पण बुलेटवर बसून तो पलूसच्या चौकातून धक्-धक्-धक् असा निघाला, की चहाच्या गाड्यावरची माणसं कप खाली ठेवून बघायची. मागे चंदना बसलेली असली की मग विचारूच नका. आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटायला लागलं होतं.

अडचण होती ती जागेची. महापुरात जुनं घर छातीभर पाण्यात गेलं, तेव्हा नवं बांधताना सम्मेदनं जोतं एवढं उंच घेतलं की कृष्णामाईनं पुन्हा यायचं ठरवलं तर तिनं जिना चढून यावं. नदीचा बंदोबस्त झाला. पण बुलेट काही जिना चढेना. गोठ्यात म्हशी, म्हशींच्या शेजारी फवारणीचं यंत्र. तेव्हा गाडी अंगणात, उघड्या आभाळाखाली.

आधी त्यानं मोबाइलवरून चंदेरी कव्हर मागवलं. पहिल्याच वादळात ते सुटलं, फुगलं आणि शेजारच्या धुळाच्या गोठ्यावर जाऊन बसलं. धुळाच्या म्हशीनं असलं भूत जन्मात पाहिलं नव्हतं. दोन दिवस तिनं दूध चोरलं, आणि ते दोन दिवस धुळा सम्मेदच्या घरी चहाला येत राहिला. धुळा मूळचा जतकडचा. पलूसला त्याचं दुचाक्या दुरुस्तीचं गॅरेज होतं.

मग सम्मेदनं प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला. आत वाफ धरली आणि हँडल घामेजलं. संध्याकाळी पडद्यावरचा डोळा कळवळला. "आवं, गाडी हाय का इडली? श्वास घेऊ द्या तिला. जाड ताडपत्री टाका, खालनं वारा खेळू द्या."

जाड ताडपत्री म्हटल्यावर सम्मेदच्या डोळ्यांपुढे एकच आली. त्याच्या घरी दर उन्हाळ्यात बेदाणा होतो. वाळलेली द्राक्षं रॅकवरून खाली झाडायची, ती ज्या ताडपत्रीवर पडतात ती ताडपत्री. जाड, जुनी, घट्ट. तिनं कितीतरी वर्षांच्या द्राक्षांचा गोडवा अंगात मुरवून घेतला होता. पण ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या मनात आली नाही. सम्मेदनं ती बुलेटवर अशी आवळली, जसा ट्रकवरचा माल आवळावा. अण्णांनी पडद्यावर पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "शाब्बास."

त्या रात्री सम्मेदला छान झोप लागली. त्यानंतर आठवडाभर आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं, आणि पावसात ताडपत्री सोडू नका असं अण्णांनीच बजावलं होतं. अंगणभर पाणी साचलं, वारुळं बुडाली. जमिनीतल्या साऱ्या मुंग्या आपापली बोचकी घेऊन वर निघाल्या. वर काय? कोरडी जागा, अंधार, ऊब आणि छताला साखर. मुंग्यांच्या स्वर्गाची कल्पना याहून निराळी नसावी.

पंचमी तोंडावर आली तेव्हा पाऊस जरा उघडला. सम्मेदनं ताडपत्री काढली आणि तो तसाच उभा राहिला. बुलेट काळीच होती. पण तिचा काळा रंग हलत होता. टाकीवरून रांग, हँडलवरून रांग, सायलेन्सरच्या तोंडातून ये-जा. सीट उचलली तर खाली तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी अंडी, राशीच्या राशी.

धुळाला बोलावलं. धुळानं पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. "आईच्यान, ही गाडी न्हाई, ही येष्टी भरलीया. थांब गड्या, एक फवारा मारतो, दोन मिनिटांत मोकळी."

"कोण फवारा मारतंय?" वरून आवाज आला.

जोत्यावर आक्काताई उभ्या होत्या. त्या सम्मेदच्या आई. पण सारं गाव आक्काताई म्हणतं म्हणून सम्मेदही तेच म्हणायचा. घर जैनांचं, त्यात चातुर्मास सुरू होता. चातुर्मासात आक्काताई पाणी तीनदा गाळायच्या आणि दिवस मावळला की तोंडात तीळ टाकत नसत. त्या हळूहळू जिना उतरून आल्या, सीटखाली वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मऊ झाला.

"लेकुरवाळ्या हायेत ह्या."

"आक्काताई, परवा मामा येणार हायेत."

"येऊ देत की. बाळंतिणीला कोण घराभायेर काढतं व्हय?"

धुळा म्हणाला, "आवं आक्काताई, बागेत तर दर आठवड्याला फवारा असतोय की ह्याचा."

"ते पोटासाठी. हे मिरवायसाठी," आक्काताई म्हणाल्या. "पोटाचं पाप देव वाटून घेतो, मिरवायचं घेत न्हाई. सम्मेद, किक मारायची न्हाई. सायलेन्सरात जीव हाय."

मग सुरू झाला तो अहिंसक लढा. सम्मेदनं बस्तीतून, म्हणजे जैन देवळातून, मोरपिसं आणली आणि तो बुलेटला मोरपिसानं झाडू लागला. एका बाजूनं झाडलेल्या मुंग्या दुसऱ्या बाजूनं वर चढत. हळदीची रेघ ओढायला गेला तर आक्काताई म्हणाल्या, डोळ्यांत जाईल त्यांच्या. शेवटी त्यानं सीटपासून कुंपणापर्यंत साखरेची वाट घातली, की या वाटेनं त्या निघून जातील. मुंग्या त्या वाटेनं गेल्या, साखर उचलली आणि ती घेऊन परत घरी आल्या. कुंपणापलीकडच्याही काही सोबत आल्या. आक्काताई पायरीवर तांदूळ निवडत गुणगुणत होत्या:

"मुंगीबाई मुंगी, घे गं साखरेची वाट,
जावयाच्या दारी येतो सासऱ्याचा थाट."

"आक्काताई, गाऊ नगा," सम्मेद म्हणाला.

आणि सासरे आले. एसटीतून उतरले तेव्हा एका हातात पिशवी होती आणि दुसऱ्या हातात हेल्मेट. सम्मेदनं पिशवी हातात घेतली, पण नजर हेल्मेटवरून हलेना. लेकीला न्यायला येणारा बाप साडीचोळी आणतो, हेल्मेट आणत नाही.

"गुडघा आता ठणठणीत हाय," अण्णा वाटेत म्हणाले. सम्मेदनं काही विचारलं नव्हतं.

अंगणात येताच त्यांनी चहा नाकारला, पाणी नाकारलं, आणि बुलेटभोवती प्रदक्षिणा घातली. रिम पाहिली, नट पाहिले, नखानं खरवडून पाहिलं. गंज नव्हता. मग त्यांनी सीट उचलली.

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी आत डोळा लावला.

"हे काय?"

"मुंग्या, मामा."

"ते दिसतंय मला."

"पण गंज न्हाई."

"गंज परवडला. ह्या वायरी खातील." अण्णांनी शांतपणे हेल्मेट डोक्यावर चढवलं. "गाडी नेतो मी. चंदना, आवर तुझं."

अण्णांनी किकवर पाय ठेवला, तोच जोत्यावरून आक्काताई म्हणाल्या, "पाव्हणं, पाय खाली."

"आक्काताई, माझी गाडी हाय."

"गाडी तुमची असंल. मुंग्या कुणाच्या हायेत? चातुर्मासाचा नेम घेतलाय का न्हाई तुमी?"

अण्णांनी नेम घेतला होता. हेल्मेटच्या काचेमागे त्यांचे डोळे एकदा बुलेटकडे गेले, एकदा आक्काताईंकडे. पाय हळूच खाली आला.

"बरं," ते म्हणाले. "ह्या जातील, तवा नेतो. तवर हितंच राहतो."

झालं. माहेरी जायची चंदना सासरीच राहिली आणि माहेरच सासरी राहायला आलं. अण्णा पहाटे उठायचे, दुधात पाणी किती ते बघायचे, बागेत जाऊन कुठली वेल कशी बांधली ते बघायचे आणि सम्मेदला सांगायचे. तो जेवताना सांगायचे, आंघोळीला गेला तर दाराबाहेरून सांगायचे. गळका नळ त्यांनी दुरुस्त केला. चालणारा मिक्सरही दुरुस्त केला. त्यानंतर तो चालेनासा झाला. दिवस मावळायच्या आत आक्काताईंच्या पंक्तीला बसून ते पोटभर जेवायचे आणि म्हणायचे, "आमटी लय दिवसांनी अशी खाल्ली." चंदना वाढता वाढता बापाची थट्टा करायची, आणि बाप हसायचा. या घरात त्यांचं हसणं कुणी आधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल येत नव्हता, एवढंच काय ते सुख सम्मेदच्या वाट्याला आलं. त्याऐवजी दोघं अंगणात बुलेटसमोर खुर्च्या टाकून बसायचे, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

"काय म्हणतायत?" धुळा कुंपणावरून विचारायचा.

"हायेत," दोघंही एकदम म्हणायचे.

मग ऊन पडलं. श्रावणातलं हळदीसारखं पिवळं ऊन दोन दिवस अंगणात वाळत पडलं, आणि मुंग्या निघाल्या. तोंडात एकेक पांढरं अंडं धरून टाकीवरून खाली, चाकावरून खाली, लांबच लांब रांगेनं त्या जमिनीत परत निघाल्या. धुळा म्हणाला, "बघ, फवारा न मारताच निघाल्या. उद्यापर्यंत गाडी मोकळी."

सम्मेदला आधी आनंद झाला. मग त्याच्या नजरेपुढे खुंटीवरचं हेल्मेट आलं. मुंग्या गेल्या की गाडी गेली. मग पुन्हा चौकातून एसटीनं जायचं, आणि चहाच्या गाड्यावर कुणी कप खाली ठेवायचं नाही. त्या संध्याकाळी जेवताना अण्णाही कमी बोलले. मिक्सरविषयी तर काहीच बोलले नाहीत.

सकाळी उजाडल्या उजाडल्या सम्मेद स्वयंपाकघरात गेला, डब्याच्या तळाशी हात घालून मूठभर बेदाणा घेतला आणि अनवाणी पायानं जिना उतरला. डबा बराच हलका लागला, पण तेव्हा त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

बुलेटपाशी कुणीतरी होतं. ठणठणीत गुडघा दुखऱ्या गुडघ्यासारखा दोन्ही हातांनी धरून जवाहरअण्णा उकिडवे बसले होते. सीट उचललेली. सदऱ्याच्या खिशातून ते एकेक बेदाणा काढून आत ठेवत होते आणि हलक्या आवाजात बोलत होते, "कुटं निघालीस गं? आं? पाऊस संपला का अजून? ऱ्हावा की चार दिवस. घरी जाऊन तरी काय करणार तुमी?"

सम्मेदचा पाय वाळूवर वाजला. अण्णांनी सीट पटकन खाली टाकली.

"काय, मामा?"

"काय न्हाई. बगत हुतो, गेल्या का."

"गेल्या?"

अण्णा उठायला लागले. सम्मेदनं हात दिला. हात धरूनच ते म्हणाले, "न्हाई. हायेत अजून. लय हायेत."

सम्मेदनं वाकून पाहिलं. टाकीवर चार मुंग्या होत्या. त्यांतली एक बहुधा वाट चुकलेली होती.

"व्हय," तो म्हणाला. "लय हायेत."

"तुमच्या मुठीत काय हाय?"

"काय न्हाई."

मुठीतून एक बेदाणा खाली पडला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. चुकलेली मुंगी टाकीवरून उतरली, बेदाण्याभोवती फिरली आणि तो ओढायला लागली.

"एकटीला न्हाई झेपायचा," अण्णा म्हणाले.

"बोलावून आणंल की चौघीजणींना," सम्मेद म्हणाला, आणि त्यानं उरलेली मूठ सीटखाली रिकामी केली. मग दोघांनी मिळून ताडपत्री ओढली. एका टोकाला सासरा, एका टोकाला जावई. गाठ सम्मेदनं मारली, आणि ती बरोबर बसली नाही हे दिसत असूनही अण्णा काही बोलले नाहीत.

"चातुर्मास कवा संपतोय हो?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीला."

"लांब हाय."

"लांबच हाय, मामा."

तेवढ्यात वरून चंदनाचा आवाज आला. "आक्काताई, शिऱ्यात घालायला डब्यात एक बेदाणा न्हाई. बेदाणेवाल्याचं घर म्हणायचं हे?"

आक्काताईंनी खिडकीतून खाली पाहिलं. ताडपत्रीच्या दोन टोकांना दोन पुरुष आभाळाकडे बघत उभे होते, जणू पाऊस येतोय का ते पाहतायत. आभाळात ढग नव्हता.

"मुंग्यांनी नेला असंल," आक्काताई म्हणाल्या. "दुसरा डबा फोड, आणि तो जरा खालच्या फळीवर ठेव. त्यास्नी वर हात पुरत न्हाई."