हिरवा घट

घट बसला आणि तिसऱ्याच दिवशी दिशाला घाम फुटला. शेवगावजवळचं सासर, लग्नानंतरचं पहिलं नवरात्र, आणि हिच्या माहेरी घट बसतच नाहीत. त्यात सासूबाई, मालनबाई, नवस फेडायला मोहटादेवीच्या गडावर जाऊन बसलेल्या, दसऱ्यालाच परत येणार. जाताना घट हिच्यावर सोपवून गेल्या. हलवायचा नाही, पाणी तेवढं घालायचं. वर हेही सांगून गेल्या की धान कसं येतं त्यावरनं सुनेचा हात कळतो.

धान उगवलं भरपूर, पण पिवळं फटक. बीएस्सी ॲग्री झालेली पोरगी ती, गप्प बसते होय? नवऱ्याला, आदिनाथला, ओढतच देवघरात आणलं.

"इटिओलेशन झालंय."

"बरं होईल का?"

"आजार नाही रे. अंधारात कोंडलं की रोप रंग सोडतं, फिकं पडतं. त्याला इटिओलेशन म्हणतात."

घट हलवायचा नाही ना, मग उजेडच आत आणू, म्हणून आदिनाथनं गोठ्यातला मोठा बल्ब काढून देवघरात टांगला. दिशा तिथंच ठाण मांडून बसली. लाईट गेली की मोबाईलची बॅटरी धरायची. धान झालं हिरवंगार. तिनं हौसेनं फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला, तर लगेच गोरक्षनाथकाकांचा फोन, की घटात जनावरांचा घास पेरला का म्हणून. तेव्हा कुठं हिला कळलं, घटाचं धान पिवळंच पाहिजे असतं, सोन्यासारखं.

बल्ब काढला, चादर धरली, पण हिरवं काही हटेना.

दसऱ्याला मालनबाई आल्या, घट पाहिला आणि सरळ धान खुडायला बसल्या. सासऱ्यांनी, बिभीषणरावांनी, ते हिरवे तुरे टोपीत खोवले आणि गेले देवळाकडं. तिथं सगळ्यांच्या टोपीत पिवळं, यांच्याच हिरवं. शेजारच्या छगनची शेळी गर्दीतनं नेमकी यांच्याकडंच आली आणि हे पायरीवर वाकले तसा निम्मा तुरा खाऊन गेली.

ते ऐकल्यावर दिशा रडायलाच लागली. मालनबाईंनी तिला जवळ बसवून सगळं विचारलं. तिनं बल्ब सांगितला, चादर सांगितली, तो इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थही सांगितला. मालनबाईंनी हनुवटी धरून तिचं फिकुटलेलं तोंड उजेडाकडं वळवलं.

"आदिनाथ, अंगणात बाज टाक."

"कुणाला?"

"हिला. हात लई चांगला हाय पोरीचा, एवढं हिरवं आजवर कुनाच्या घटात आलं न्हाई. पन इतके दिस आत कोंडून घेतलं तिनं. उन्हात बसव, इटिओलेशन तिलाच झालंय."