‘खळबळ’ वगळणेबाबत

विषय : बातमीतून ‘खळबळ’ हा शब्द निदान एक दिवस वगळणेबाबत.
संदर्भ : श्रीमती टिटवी, राहणार नदीकाठ, यांचा अर्ज.

बालमित्रांनो, उपरोक्त विषयी हकीकत अशी, की एका जंगलात नदीकाठच्या गोट्यांमध्ये एका टिटवीने चार अंडी घातली. टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. त्याला इलाज नाही.

रोज सकाळी गव्यांचा कळप पाण्यावर येई. उन्हाळ्यात पाणी मागे हटले, तशी कळपाची वाटही सरकत अंड्यांजवळ आली. टिटवी म्होरक्याकडे गेली. म्होरक्या सज्जन होता. त्याने रवंथ थांबवून सगळे ऐकून घेतले.

“तुमचं म्हणणं रास्त आहे, टिटवीबाई. पण छापून आलंय का?”

“अजून नाही.”

“मग कसं करणार? छापून आल्याशिवाय कळप वाट बदलत नाही. आमच्यात तशी पद्धत आहे.”

जंगलात एकच दैनिक होते. त्याचे संपादक होते तरस. मथळे सुतारपक्षी लाकडात कोरून देई. ‘खळबळ’ हा शब्द रोजच लागतो, म्हणून त्याने तो एकदाच चांगल्या सागात कोरून चौकटीत कायमचा ठोकून टाकला होता. बाकीचे शब्द त्याच्या आजूबाजूला मावतील तसे बसवत. त्या दिवशीच्या अंकात उंबर पिकल्याने खळबळ होती, ससा शिंकल्याने खळबळ होती आणि आतल्या पानावर, काहीच न घडल्याने खळबळ होती.

टिटवीने मजकूर दिला : नदीकाठी चार अंडी आहेत. गव्यांनी जांभळीच्या बाजूने जावे.

तरसाने तो दोनदा वाचला. “यात खळबळ कुठे आहे?”

“नाहीच आहे. होऊ नये म्हणून तर आले.”

“मग ही बातमी नव्हे, बाई. हा निरोप झाला. निरोप आम्ही छापत नाही.”

टिटवीने फार विनवले. तो शब्द एवढा काढा, म्हणाली. सुतारपक्ष्याने चोच पुसत सांगितले, की शब्द काढला तर चौकटच हातात येईल. अखेर तरसाला तिची दया आली. बातमी छापायचे ठरले.

सकाळी अंक निघाला. ‘नदीकाठी चार अंडी, परिसरात खळबळ.’ जांभळीचे वाक्य जागेअभावी गळाले होते.

एरवी निम्मे गवे पाण्यावर आळसाने उशिरा येत. त्या दिवशी खळबळ पाहायला झाडून सगळे आले. दुसऱ्या पाणवठ्यावरचे पाहुणेही आले. टिटवी त्यांच्या शिंगांवरून ओरडत घिरट्या घालत राहिली. खळबळ म्हणतात ती हीच, असे पाहुण्यांनी एकमेकांना दाखवले. कळप परतला तेव्हा दोन अंडी उरली होती.

दुसऱ्या दिवशी म्होरक्या स्वतः समाचाराला आला.

“आजच वाचलं. दोन अंडी फुटल्याने खळबळ. फार वाईट झालं हो. कोणाचा पाय पडला?”

“तुमचाच.”

म्होरक्याने अंक पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. “तसं काही आलेलं नाही,” तो मऊ आवाजात म्हणाला. “उगाच मनाला लावून घेऊ नका.”

तेव्हा टिटवीने सिंहमहाराजांकडे अर्ज केला. एक दिवस तो शब्द वगळावा आणि त्या जागेत जांभळीचे वाक्य घ्यावे, एवढेच मागणे होते. महाराजांनी अर्ज सहानुभूतीपूर्वक वाचला आणि अभिप्रायार्थ दैनिकाकडे पाठवला. दैनिकाने तो पहिल्या पानावर घेतला : ‘टिटवीच्या अर्जाने खळबळ’. अभिप्राय द्यायचा राहिला.

टिटवी उरलेल्या दोन अंड्यांवर बसून आहे. कळप उद्या सकाळी येईल. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य : शेजाऱ्याला सावध करायचे असेल तर बातमी देऊ नये. बातमी द्यायचीच असेल, तर आधी अंडी झाडावर घालायला शिकावे.