माझ्यासमोर लिहिले

शिंदखेड्याच्या एका प्राथमिक शाळेने दुसरीतल्या कामिनीच्या घरी लेखी नोटीस पाठवली. विषय : पाल्याचे अक्षर. कामिनीची अक्षरे रेघेवर उभी न राहता रेघेला टेकून बसतात, असे निदर्शनास आले होते. तीस दिवसांत सुधारणा न झाल्यास पाल्यास मागच्या 'सुधार बाका'वर बसवण्यात येईल व होणाऱ्या गैरसोयीस पालक जबाबदार राहतील. गैरसोय म्हणजे काय, ते कामिनीला लगेच कळले. तिची मैत्रीण नौशीन पहिल्या बाकावर बसते. पोरगी रडायलाच लागली.

सोबत तीस पानांची वही होती. पालकाने रोज अर्धा तास शेजारी बसावे, वर एक नमुना ओळ लिहावी, पाल्याने ती पाहून पाच वेळा लिहावी, आणि पालकाने 'माझ्यासमोर लिहिले' असे नमूद करून सही करावी.

कामिनीचे वडील चुडामणभाऊ तालुक्याच्या एका कार्यालयात वरिष्ठ लिपिक. वीस वर्षांच्या सेवेत त्यांनी सहीवाचून एकही कागद अडवला नव्हता. वाचला मात्र क्वचितच. हे प्रकरणही त्यांनी त्याच संध्याकाळी निकाली काढले. तीसही पानांवर 'माझ्यासमोर लिहिले' लिहून सह्या ठोकल्या.

"आरे, पोरजोडे जरासा बस ना," त्यांची आई सुंदरबाई म्हणाली. "बठ्ठ्या सह्या आजच करी टाक्यात!"

"माय, मना वाटानं काम पुरं शे," आपल्या वाट्याचे उरकल्याच्या सुरात भाऊ म्हणाले.

"पप्पा, वर एक ओळ तरी लिहून द्या," कामिनी म्हणाली.

"उद्या," मोबाइलवरची नजर न काढता ते म्हणाले. कार्यालयातून घरी आणलेली 'उद्या' ही एवढीच सरकारी वस्तू, असे ते अभिमानाने सांगत.

उद्या काही उजाडला नाही. मग पानावर जो नमुना होता, तोच कामिनीने घेतला. सहीच्या वर, खाली, जागा मिळेल तिथे, रोज पाच वेळा.

तिसाव्या दिवशी चुडामणभाऊंना शाळेत बोलावून मुख्याध्यापक रतिलाल सरांनी वही उघडली. प्रत्येक पानावर 'माझ्यासमोर लिहिले' सहा वेळा आणि सह्याही सहा.

"अक्षर उत्तम," सर म्हणाले. "पण यातली पालकाची सही कोणती?"

चुडामणभाऊंनी वही जवळ धरली, लांब धरली, चष्मा पुसला. एका सहीवर बोट ठेवले, मग दुसरीवर, मग तिसरीवर.

"मग माझ्यासमोर करून दाखवा."

भाऊ दुसरीच्या बाकावर कसेबसे मावले. सही करताना आजवर त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते. भाऊंनी पेन चालवले आणि सही रेघेला टेकून बसली.

सरांनी पडताळणी केली. "वहीतल्या एकशे ऐंशी सह्या एकमेकींशी जुळतात. ही एकच जुळत नाही." आदेश निघाला : पाल्य उत्तीर्ण, नौशीनशेजारी पहिला बाक. पालकाने तीस दिवस घरी सराव करावा. देखरेख पाल्याची.

भाऊंना मनातून बरेच वाटले. निदान लेक रोज अर्धा तास शेजारी बसेल. संध्याकाळी ते नवी वही घेऊन जमिनीवर मांडी घालून बसले.

"कामिनी, ये. वर एक ओळ लिहून दे."

"उद्या," चपला घालता घालता कामिनी म्हणाली. नौशीन दारात उभी होती. "तुमचं चालू द्या पप्पा. तीसही पानांवर मी सह्या करून ठेवल्यात."

भाऊंना फार वाईट वाटले. पण तक्रार कोणाकडे करणार? कागद तर पूर्ण होते. तुमच्याही घरातली वही एकदा काढून बघा. सह्या सगळ्या जागेवर असतीलच.